हिशोब आधी, फोटो मागून



नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख लेखे ही आपली पंचसूत्री. त्यातले पाचवे सूत्र शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अनेक गटांत आता वहीतून संगणकावर आले आहे. कुणाच्या घरी मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक आहे, कुणाकडे जुना लॅपटॉप. आम्ही गटांचे लेखे बघायला जातो, तेव्हा एक तक्रार हमखास कानावर येते : "ताई, बॅकअप पुराच होत नाही. रात्री लावला, सकाळी बघितलं तर लाल खूण." आज त्याच लाल खुणेबद्दल बोलू.

बॅकअप म्हणजे हिशोबाची दुसरी प्रत, आणि ती घरातल्या संगणकाच्या बाहेर ठेवलेली. ती का हवी, हे आमच्याकडच्या एका गटाने अनुभवले. संगणकाची हार्ड डिस्क एका दिवसात बंद पडली. मार्चनंतर कागदी वहीत नोंदी नव्हत्या आणि बॅकअप कित्येक आठवडे अर्धवट होता. गटात अंगठा लावणाऱ्या एक आजी आहेत. त्यांनी फेडलेले तीन हप्ते कुठेच दिसेनात. शेवटी त्यांनी ट्रंकेतून आपले सभासद पासबुक काढले, त्यात तिन्ही नोंदी सहीनिशी होत्या. पासबुक नसते तर आजींना पैसे भरल्याचे पटवून देत बसावे लागले असते. गट विश्वासावर चालतो, आणि विश्वास नोंदीवर.

आता बॅकअप का अडतो ते बघू. आपल्याकडे कालव्याचे आवर्तन सगळ्यांना माहीत आहे. शिरूरकडे चासकमानचे, दौंडकडे खडकवासल्याचे. कालवा भरून वाहत असला तरी चारीच्या शेवटच्या टोकाला बारीक धारच येते. इंटरनेटचेही तसेच. शिवाय येणारी वाट रुंद असते आणि जाणारी अरुंद. व्हिडिओ बघताना माहिती आपल्याकडे येते, तिला डाउनलोड म्हणतात. बॅकअप घेताना माहिती आपल्याकडून जाते, ते अपलोड. म्हणून "मालिका तर छान दिसते, मग बॅकअप का होत नाही?" या प्रश्नाचे उत्तर अपलोडच्या वेगात आहे. वेग तपासायच्या पानावर दोन आकडे दिसतात, त्यातला अपलोडचा आकडा बघा. संध्याकाळी आठला बघा आणि पहाटे पाचलाही बघा. पहाटे वापरणारे कमी असल्याने वेग बहुतेक वेळा बरा मिळतो.

पुढे साधे गणित करा. फाइलचे वजन एमबीत असते, वेग एमबीपीएसमध्ये. एमबीला ८ ने गुणायचे आणि वेगाने भागायचे. उत्तर येईल तितके सेकंद लागतील. अपलोडचा वेग १ एमबीपीएस असेल, तर १००० एमबी, म्हणजे सुमारे १ जीबी पाठवायला ८००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास लागतात. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरत असाल, तर बऱ्याच प्लॅनमध्ये दिवसाचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने हीच १ जीबी जायला जवळजवळ ३५ तास लागतील. संगणकाला लाल खूण दाखवण्यावाचून गत्यंतरच उरत नाही.

पण आपण पाठवतो काय, हे एकदा नीट बघा. गटाची वर्षभराची एक्सेल फाइल बहुधा १ एमबीच्या आतच असते. फोनच्या कॅमेऱ्याचा एकच फोटो मात्र ३-४ एमबीचा असतो, आणि मेळाव्याचा, हळदी-कुंकवाचा व्हिडिओ तर शेकडो एमबीचा. या सगळ्यांचे एकच फोल्डर असेल, तर व्हिडिओच्या मागे हिशोब अडकून पडतो. म्हणून पहिला उपाय असा : ‘हिशोब’ नावाचे वेगळे फोल्डर करा. त्यात फक्त लेखे, ठराव, कर्जाची कागदपत्रे आणि पासबुकांच्या प्रती ठेवा. हे फोल्डर आधी पाठवा, फोटो मागून. १ एमबीची फाइल १ एमबीपीएसला ८ सेकंदांत जाते. डेटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला, तरी दोन-सव्वादोन मिनिटांत जाते. गटाचा जीव ज्यात आहे ती वस्तू इतकी हलकी आहे.

एवढे करूनही अडले, तर पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा. एकदम सगळे बदलू नका, नाहीतर कशाने सुधारले ते कळणार नाही.

पहिली गोष्ट, वीज. वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि बॅकअप तुटतो. राउटरची पिनही यूपीएसलाच लावा.

दुसरी, संगणकाची झोप. काही वेळ हात लावला नाही की संगणक झोपी जातो आणि पाठवणे थांबते. रात्री बॅकअप लावायचा असेल, तर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा.

तिसरी, भिंत. दगडी भिंत आणि पत्रा वायफाय अडवतात. संगणक राउटरजवळ आणा, नाहीतर दोघांना वायर जोडा.

चौथी, उघडी फाइल. एक्सेल उघडे ठेवून बॅकअप लावला, तर काही प्रोग्रॅम ती फाइल वगळून पुढे जातात. आधी जतन करा, बंद करा, मग बॅकअप लावा.

पाचवी, जागा. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते. त्यातच मेल, ड्राइव्ह आणि फोटो बसतात. फोटोंनी जागा भरली की हिशोबाला दार बंद.

सहावी, तारीख. जुन्या संगणकातला बटणासारखा छोटा सेल संपला, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. तारीख चुकीची असेल तर सुरक्षित जोडणी होत नाही. सेल बदलला की काम होते.

नेट अजिबातच नसेल, तर पेनड्राइव्ह आहेच. पण जागा रिकामी असूनही मोठी फाइल घेत नसेल, तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीचा असतो. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. हिशोबाच्या फायली मात्र आरामात बसतात. प्रत घेतली की पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पदाधिकारी ताईंच्या घरी ठेवा. संगणकालाच लावून ठेवला, तर व्हायरस आला की दोन्ही प्रती एकदम जातील.

एक फरकही लक्षात ठेवा. ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमधून तुम्ही फाइल पुसली, तर ती ड्राइव्हवरूनही पुसली जाते. कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. म्हणून दर महिन्याला ‘हिशोब जून’, ‘हिशोब जुलै’ अशी वेगळ्या नावाची प्रत ठेवा.

खाते कुणाच्या नावाचे आहे, हेही बघा. सचिव ताईंच्या लेकीच्या मोबाइलवर ओटीपी येत होता, लेक लग्न होऊन सासरी गेली, आणि गटाला स्वतःचा हिशोब उघडता येईना, असे आम्ही पाहिले आहे. खाते गटाचे असावे, आणि ते उघडता येणाऱ्या दोघी पदाधिकारी असाव्यात. पदाधिकारी बदलल्या की त्याच बैठकीत पासवर्ड आणि मोबाइल नंबर बदला.

शेवटची आणि सगळ्यात मोलाची तपासणी. हिरवी खूण दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. लोणच्याची बरणी भरून ठेवली तरी मधून मधून झाकण काढून बघतोच ना? तसेच महिन्याच्या बैठकीत बॅकअपमधली फाइल दुसऱ्या मोबाइलवर उघडा. कुठल्याही एका सभासदाची बचत आणि शिल्लक कर्ज मोठ्याने वाचा आणि तिच्या पासबुकाशी जुळवा. जुळले, तरच बॅकअप झाला. तारीख टाकून इतिवृत्तात तसे लिहा.

या महिन्यात एवढे एकच काम करा : बैठकीआधी ‘हिशोब’ फोल्डर वेगळे करून पाठवा, आणि बैठकीत सर्वांसमोर उघडून दाखवा. आणि पासबुकावरची सही मात्र कधीही थांबवू नका. नमस्कार.