यहूदी लोकांचे ‘पेयोत’

जेरुसलेमांतील मेआ शेआरीम किंवा न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील सनातनी यहूद्यांची छायाचित्रें आमच्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत पुष्कळदां येतात. काळा झगा, काळी टोपी आणि दोन्ही कानांपुढें लोंबणाऱ्या केसांच्या बटा पाहून कित्येकांस हसूं आवरत नाहीं. परंतु ज्या गोष्टीचें एकास हसूं येतें, तिच्यासाठीं दुसऱ्यानें मार सोसलेला असतो. म्हणून ह्या बटांचा अर्थ येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हिब्रू भाषेंत ‘पेआ’ म्हणजे कोपरा अथवा कड. त्याचें अनेकवचन ‘पेओत’. नेहमींच्या बोलण्यांत ‘पेयोत’ म्हणतात. ह्या आचाराचें मूळ लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाच्या २७ व्या वचनांत आहे. डोक्याच्या कडा वाटोळ्या कापण्यास व दाढीचे कोपरे नाहींसे करण्यास तेथें मनाई केली आहे. हे केस लांब वाढवावे, अशी मात्र आज्ञा नाहीं. कानशिलावरील केस समूळ काढून कपाळापासून कानामागपर्यंत एक सरळ रेघ करूं नये, इतकाच धर्मपंडितांनीं तिचा अर्थ लाविला आहे. म्हणून पुष्कळ धर्मनिष्ठ यहूदी तेथें आखूड केसच राखतात. स्त्रियांस हा निर्बंध लागू नाहीं.

त्याच अध्यायाच्या ९ व्या वचनांत ‘पेआ’ हाच शब्द शेताविषयीं आला आहे. कापणीच्या वेळीं शेताची कड न कापतां ती गरिबांसाठीं व परक्यांसाठीं सोडावयाची असे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ग्रंथांत ‘पेआ’ नांवाचें एक संपूर्ण प्रकरण ह्या विषयाला वाहिलेलें आहे. पिकाचा निदान ६० वा भाग सोडावा, असें त्यांत सांगितलें आहे. तो कोणत्या गरिबाला मिळावा, हें ठरविण्याचा अधिकारही मालकास नाहीं. शेत आपलें आणि डोकेंही आपलें. तरी कडेपाशीं विळा थांबावा व वस्तराही थांबावा. जें आपल्या हातीं आहे, त्या सर्वांवर आपला हात चालवूं नये, हाच बोध आम्हांस ह्या एका शब्दांत दिसतो.

ह्या आज्ञेचें कारण थोर पंडित मैमोनिदीस (११३८–१२०४) ह्यानें निराळें दिलें आहे. मूर्तिपूजकांचे पुरोहित अशी हजामत करीत, म्हणून ती वर्ज्य झाली, असें तो म्हणतो. गूढवाद्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. हिब्रू अक्षरांस अंकांचें मूल्य असतें. ‘पेआ’ शब्दाच्या अक्षरांची बेरीज ८६ होते आणि ‘एलोहीम’ ह्या देवाच्या नांवाचीही तितकीच होते. पुढें हसिदी पंथांत व येमेन देशांतील यहूद्यांत लांब बटा राखण्याची रूढी दृढ झाली. येमेनी लोक त्यांस ‘सिमानीम’, म्हणजे खुणा, म्हणत. कित्येक कुटुंबांत मुलाचे केस तिसऱ्या वर्षापर्यंत कापीत नाहींत. मग समारंभानें कापतांना कानांपुढील बटा तेवढ्या ठेवितात. वाचकांस येथें आपल्याकडील जावळाची आठवण होईल.

जी खूण दुरून ओळखूं येते, तिच्यावर शत्रूचा हातही प्रथम पडतो. रशियाचा बादशहा पहिला निकोलस (राज्यकाल १८२५–१८५५) ह्यानें यहूद्यांचा पारंपरिक पोशाख व ह्या बटा ह्यांवर बंदी घालणारे हुकूम काढिले. १९३९ सालीं पोलंड जिंकल्यावर जर्मन सैनिकांनीं भर रस्त्यांत वृद्धांच्या दाढ्या व बटा कापून त्यांची विटंबना केली आणि त्या प्रसंगाचीं छायाचित्रें हौसेनें काढिलीं. त्याहून मनाला चटका लावणारी गोष्ट खुद्द इस्राएल राष्ट्रांतील आहे. १९४९–५० मध्यें येमेनहून सुमारें ४९ हजार यहूदी विमानांनीं तेथें आणण्यांत आले. त्यांच्या छावण्यांत मुलांच्या बटा कापिल्या गेल्या, त्यामुळें मोठा क्षोभ झाला व १९५० सालीं सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. कापणारे हात स्वकीयांचे होते आणि मुलांना आधुनिक करावें हा त्यांचा हेतु होता. पण ह्या बटांचा अर्थ त्या मुलांच्या वडिलांस विचारण्याची गरज त्यांना वाटली नाहीं.

आमच्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांचाही ह्या विषयाशीं संबंध आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ नांवानें ओळखले जाणारे हे लोक मराठी बोलत व पोशाखानेंही शेजाऱ्यांसारखेच दिसत. परंतु शेजारी हिंदु शेंडी राखीत, तेव्हां हे दोन्ही कानांवर केसांची एकेक बट राखीत, असें एकोणिसाव्या शतकांतील वर्णनांत आढळतें.

शेंडी, पगडी, क्रूस किंवा पेयोत, कोणतीही बाह्य खूण मनुष्यास आपोआप धार्मिक करीत नाहीं, हें खरें. तरीही त्या खुणेमागें एखाद्या समाजाच्या अनेक पिढ्यांची निष्ठा उभी असते. ती पटो वा न पटो, हसण्यापूर्वीं तिचा अर्थ विचारावा, एवढें सौजन्य आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगीं असावें, अशी आमची इच्छा आहे.