बॅटरी फुगली, आता काय?

दिवाळीत केळापूरला घरी गेले, तर बाबांच्या मोबाईलची बॅटरी फुगलेली! हेल्पलाईनवाले म्हणाले, "यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरला या." तिथे उत्तर मिळालं, "तुम्हीच जास्त चार्ज केला असेल." फोन चार्जिंगला लावू नका, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. बाबा तो रोज उशाशी लावत होते.

आता १४ ऑगस्ट २००७ ची गोष्ट बघा. मात्सुशिताने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना शॉर्ट सर्किटमुळे तापू शकतात, असं नोकियाने स्वतःच जाहीर केलं. जगभरात घटना सुमारे १००, पण इशारा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल! बॅटरीवरचा नंबर तपासा, त्यातली निघाली तर फुकट बदलून देऊ, असं सांगितलं.

उत्तर असं हवं. आधी धोका सांगायचा, मग दोष कोणत्या मालात आहे ते, मग उपाय. ग्राहकाच्या माथी चूक मारायची नाही.

सदोष वस्तूने इजा किंवा नुकसान झालं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादकाकडून भरपाई मागता येते. बिल जपा, तक्रारीसाठी १९१५ फिरवा.

आणि हो, उद्या त्या काउंटरमागे आपल्यापैकीच कुणीतरी इंजिनीअर असेल. समोर आपलेच बाबा उभे आहेत, असं समजून उत्तर द्या!