जानेवारीत जन्मण्याचा फायदा

कॅनडात मुलांच्या आइस हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर थोडंथोडकं नसतं. थोरला अंगापिंडाने भरलेला, म्हणून निवड त्याची होते. मग चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर सरावाचा जास्त वेळही त्यालाच मिळतो, आणि दोन-तीन वर्षांत तो खरोखरच सरस ठरतो. रॉजर बार्नस्ली या मानसशास्त्रज्ञाने हे १९८५ मध्येच दाखवून दिलं. नवल पुढचं आहे. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने नवे, बहुधा अठरा वर्षांचे खेळाडू उचलतात. म्हणजे वाढ जवळपास पूर्ण झालेली पोरं, आणि पारखणारे पगारी जाणकार. तरीही १९८० ते २००६ च्या ड्राफ्टचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की जुलै ते डिसेंबरात जन्मलेल्यांची निवड, जानेवारी-मार्चवाल्यांच्या तुलनेत, त्यांच्या पुढच्या कामगिरीला साजेशा क्रमांकापेक्षा चाळीसहून अधिक जागा खाली झाली. चारशे सामन्यांचा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता मात्र जवळजवळ दुप्पट होती. आणि वर्षं सरली तरी ही चूक कमी झाली नाही.

यावर कोणी म्हणेल, धाकटेपणी थोरल्यांशी झुंजून जे टिकले ते चिवटच असणार. असतीलही. पण मग तो चिवटपणा ओळखणं हेच तर पारख्याचं काम! दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ड्राफ्टची वयाची रेषा १५ सप्टेंबरला आहे: तोवर अठरा पूर्ण हवीत. ऑस्टन मॅथ्यूज या खेळाडूचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांसाठी त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. म्हणजे लहानपणी गटात धाकटा असलेला ऑक्टोबर-डिसेंबरचा मुलगा ड्राफ्टला येतो तेव्हा सर्वांत थोरला असतो, आणि ‘याची वाढ आता संपली’ म्हणून पारखी त्याला मागे ठेवत असतील. पण जुलै-ऑगस्टची मुलं तर दोन्हीकडे धाकटी. त्यांचंही मोल कमीच होत असेल, तर हे स्पष्टीकरण पुरं पडत नाही. मला वाटतं, लहानपणी चिकटलेला ‘दुय्यम’ हा शिक्काच पुढे वाचला जातो.

मग पारख्यांच्या हाती जन्मतारखा दिल्या की झालं? नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या पारख्यांवर हा प्रयोग झाला. नुसत्या जन्मतारखा देऊन काही फरक पडला नाही. थोरल्यांकडचा कल कायम राहिला. जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने लावले, तेव्हा मात्र तो गेला. वय कागदावर नव्हे, धावणाऱ्या पोराच्या पाठीवर दिसावं लागतं. मुलांच्या निवड चाचणीत हे उद्यापासून करता येईल, खर्चही नाही. ड्राफ्टमध्ये ते जमणार नाही, कारण पारखी पाहतात तेव्हा पोरं आपापल्या क्लबची जर्सी घालून खेळत असतात. तिथे निदान गोलांच्या आकड्याशेजारी वय महिन्यांत छापावं.