वर्गणीची पावती मागतो, मग हिशेब का नको?

नगराध्यक्षपदाचा प्रचार शेवटच्या आठवड्यात आला की पेण-रोह्यात बचतगटाच्या बैठकीत एकच विषय, "कोण येणार गं?" उत्तर ठरलेलं, "ज्याच्याकडे पैसा, तो!"

२०११ पासून पालिकांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण खर्च झेपेल तिचंच नाव पुढे येतं. खर्चाला कायद्यानं मर्यादा आहे. आमदारकीला २०२२ पासून ४० लाख. निकालानंतर हिशेबही द्यावा लागतो.

गणपतीच्या ५१ रुपयांची आपण पावती मागतो ना? मग प्रचाराचा पैसा कुणी दिला, हेही विचारूया. मतासाठी साडी देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हाच. शिवाय ती साडी फुकट नसते. तिची वसुली पुढे आपल्याच रस्त्या-पाण्यातून होते.