153 वर दोन दावेदार

जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याच्या वयाचा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. राखेच्या संगतीने अश्युलियन दगडी हत्यारं सापडली, त्यामुळे राखेचं वय कळलं की हत्यारांचंही कळेल, ही आशा. 1989 मध्ये वय निघालं 14 लाख वर्षं, 1995 मध्ये 6 लाख 70 हजार. आणि त्याच 1995 मध्ये राखेतल्या काचेचं रसायन 3,000 किलोमीटरहून दूर असलेल्या सुमात्रातल्या टोबाच्या 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळतं, असंही मांडलं गेलं. मला 75 हजारांची बाजू भक्कम वाटते, ती प्रयोगशाळेतल्या एका किचकट कामामुळे.

टोबाच्या निरनिराळ्या उद्रेकांची काच ढोबळ घटकांत इतकी सारखी, की खरी ओळख दशलक्षात काही भाग एवढ्याच असलेल्या मूलद्रव्यांवरून पटते. ती मोजणारं यंत्र आर्गॉनच्या प्लाझ्मात नमुन्याचे आयन करतं आणि वस्तुमानानुसार मोजतं. त्याला मूलद्रव्याचं नाव कळत नाही, कळतो तो फक्त आकडा. अशाच एका मूलद्रव्याचा, युरोपियमचा, एक समस्थानिक 153 वस्तुमानाचा. पण 137 च्या बेरियमला 16 चा ऑक्सिजन चिकटला तरी 153 च होतात! दुसरा समस्थानिक 151 घ्यावा, तर तिथे 135 चा बेरियम ऑक्सिजन घेऊन हजर. युरोपियमचे समस्थानिक दोनच, म्हणजे पळवाट नाही. काचेत बेरियम युरोपियमच्या शेकडो पट. हजारात एखादाच बेरियम ऑक्सिजन घेऊन गेला तरी उत्तर बिघडतं. म्हणून वायूचा प्रवाह जुळवून ऑक्साइड कमीत कमी ठेवायचे, निव्वळ बेरियमचं द्रावण चालवून 153 वर किती खोटी मोजणी येते ते पाहायचं आणि तेवढी वजा करायची.

ही वजाबाकी म्हणजे हवं ते उत्तर काढणं नव्हे का? नव्हे, वजा करायचं प्रमाण राखेवरून ठरत नाही, ते वेगळ्या द्रावणावर मोजलेलं असतं. शिवाय ओळख एकट्या युरोपियमवर टेकलेली नाही. खरी जड हरकत दाण्यांत साठलेल्या आर्गॉनवरून केलेल्या कालमापनाची: 2014 मध्येही त्याने बोरीच्या राखेला काही लाख वर्षं दिली. त्याच वर्षी काचेचा एकेक कण लेसरने वाफ करून अशाच यंत्रात तपासून भारतातली सगळी ज्ञात टोबा राख सुमारे 75 हजार वर्षांचीच असल्याचं प्रसिद्ध झालं. लेसरची वाफ कोरडी, त्यामुळे पाण्यातून येणारा ऑक्सिजन कमी. आणि कण एकटाच असल्याने कुकडीच्या बेसॉल्टी गाळातलं स्ट्राँशियम, टायटॅनियम मोजणीत घुसत नाही. उलट आर्गॉनसाठी निवडलेल्या दाण्यांत नदीने आणलेले थोडे जुने दाणे मिसळले, तरी वय फुगतं.

काच सांगते तो उद्रेक, हत्यार घडवणाऱ्याचा काळ नव्हे. राख नदीने पुन्हा वाहून आणून टाकली असेल, तर त्याच थराजवळची हत्यारं तिच्याहून कितीतरी जुनी असू शकतात. त्यांच्यासाठी राखेऐवजी खालच्या खडीचं वय काढावं लागेल, आणि तिथे 153 चा काही उपयोग नाही.