सारथ्याविना रथ : मोटारींच्या एका आगळ्या शर्यतीची हकिकत

१३ मार्च २००४ रोजी अमेरिकेतील मोहावी वाळवंटात एक विलक्षण शर्यत झाली. पंधरा वाहने निवडली गेली होती आणि त्यांपैकी एकातही चालक नव्हता. मार्ग सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा आणि बक्षीस दहा लाख डॉलर. स्पर्धा अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील 'डार्पा' या संशोधन संस्थेने भरविली होती. एकही वाहन शेवटापर्यंत पोहोचले नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'सँडस्टॉर्म' ही गाडी सर्वांत पुढे गेली, ती सुमारे पावणेबारा किलोमीटर! बक्षीस तसेच शिल्लक राहिले.

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर २००५ रोजी, रक्कम दुप्पट करून शर्यत पुन्हा झाली आणि २१२ किलोमीटरांचा मार्ग पाच वाहनांनी पूर्ण केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅनली'ने सुमारे ६ तास ५४ मिनिटांत पहिला क्रमांक पटकावला. आपण सोनोग्राफीत परतलेल्या ध्वनिलहरींवरून शरीराच्या आतील चित्र उभे करतो. स्टॅनलीच्या टपावरील यंत्रे हेच काम लेसर किरणांनी करीत होती. मात्र लेसरची नजर जवळची. म्हणून लेसरने निर्धोक ठरविलेल्या जमिनीचा रंग-पोत कॅमेरा लक्षात ठेवी आणि तशीच जमीन दूरवर कोठे दिसते ते शोधी. नवखा डॉक्टर अनुभवाने शिकतो, तशी ही गाडी चालता चालता शिकत होती.

आम्हा वैद्यक व्यावसायिकांना अधिक रस वाटावा तो पराभूत गाडीत. कार्नेगी मेलनची 'हायलँडर' आघाडीवर होती, पण तिच्या इंजिनाचा जोर मध्येच ओसरू लागला आणि ती सुमारे वीस मिनिटांनी मागे पडली. कारण काही केल्या सापडेना. निदान झाले ते बारा वर्षांनी, २०१७ मध्ये. इंजिनाचे नियंत्रण करणारा भाग आणि इंधन सोडणारे इंजेक्टर यांच्यामधील एका फिल्टरवर कोणाचा तरी गुडघा टेकला आणि इंजिन बंद पडले! शर्यतीपूर्वी सरावात ही गाडी उलटली होती. रुग्णाचा पूर्वेतिहास नीट विचारा, असे आपले गुरुजन का बजावीत, ते येथे ध्यानात येते.

३ नोव्हेंबर २००७ च्या तिसऱ्या स्पर्धेत वाळवंट नव्हते. व्हिक्टरव्हिल येथील बंद पडलेल्या हवाई तळावर शहरी रहदारी उभी केली होती. कार्नेगी मेलनच्या 'बॉस'ने ती जिंकली. स्टॅनफर्डचे सेबास्टियन थ्रुन आणि 'बॉस'चे तांत्रिक प्रमुख क्रिस अर्मसन पुढे गूगलच्या प्रकल्पात एकत्र आले आणि त्यातूनच 'वेमो' ही कंपनी उभी राहिली. थ्रुन यांचा जिवलग मित्र तरुणपणी मोटार अपघातात गेला होता. या संशोधनामागील प्रेरणा म्हणून ते स्वतःच त्याचा उल्लेख करतात.

आपल्याकडेही हे वारे पोहोचले. महिंद्र समूहाने २०१४ मध्ये भारतीय रस्त्यांसाठी चालकविरहित मोटारीची स्पर्धा जाहीर केली. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी महिंद्रच्याच 'ई-टू-ओ' या विजेच्या मोटारीवर प्रयोग आरंभिले. 'भारतीय रस्त्यांसाठी' हे दोन शब्द लिहायला सोपे! मोहावीत खड्डे होते, पण म्हशी नव्हत्या.

सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांनी १,६८,४९१ बळी घेतले. त्यामागील जखमी माणसे आपल्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढून येतात किंवा उचलून आणली जातात. गळीत हंगामात सदलगा, चिकोडी, निपाणी या टापूत रात्री वाहन चालविणाऱ्यास ठाऊक आहे की, ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या दिव्याविना रस्त्याकडेला उभ्या असतात आणि त्या दिसतात तेव्हा अंतर उरलेले नसते. लेसरला उजेड लागत नाही. अंधारातील ट्रॉली त्यास दिवसाइतकीच स्पष्ट दिसते. चालकाला हटविणारी गाडी आपल्या गावी येवो न येवो, त्याला वेळीच सावध करणारा हा डोळा तरी गाडीला बसावा आणि तोवर ट्रॉलीमागे निदान एक लाल परावर्तक पट्टी लागावी. ती आजही कोणत्याही दुकानात मिळते.