दोन लाख कोटींतला एक भाग

हौशी रेडिओवर दूरचा कोणी १०० वॉटने बोलतोय आणि पुण्यातल्या रिसीव्हरचा सिग्नलची ताकद दाखवणारा काटा ‘एस-९’ला टेकला, तर ऐकणारा खूश होतो. हा दणदणीत सिग्नल. पण अँटेनातून आत आलेली शक्ती पाठवलेल्या शक्तीच्या दोन लाख कोटीव्या हिश्शाएवढीच असते. व्होल्टेज भरते ५० मायक्रोव्होल्ट. शेजारच्या भिंतीतल्या प्लगमध्ये त्याच्या ४६ लाखपट. ‘एस-१’चा क्षीण सिग्नल तर शक्तीने आणखी ६५ हजारपट कमी. तेवढ्या शक्तीवर २ मिलिग्रॅमचा डास एक सेंटिमीटर वर उचलायचा म्हटला, तर जवळजवळ आठ वर्षे लागतील! तरीही चांगला रिसीव्हर हा सिग्नल पकडतो.

इतक्या तिखट कानाच्या यंत्राला शहरात बहिरे करतात ती आपलीच उपकरणे. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटार चालवणारा ड्राइव्ह. चार्जरमधला स्विच सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होत असेल, तर त्याची खरखर दर १०० किलोहर्ट्झवर उमटत जाते; सत्तरावी, एकाहत्तरावी, बहात्तरावी थेट ७ मेगाहर्ट्झच्या हौशी रेडिओ बँडमध्ये. सोसायटीत असे किती चार्जर असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्रांनुसार ७ मेगाहर्ट्झला शहरातली मानवनिर्मित खरखर शांत ग्रामीण भागापेक्षा सुमारे २४ डेसिबलने, म्हणजे २५० पटीने जास्त असते. ही सूत्रे १९७०च्या दशकातल्या मोजण्यांवर बेतलेली आहेत. तेव्हा एलईडी दिवे घरोघरी नव्हते. या खरखरीवर मात करायची तर समोरच्याला १०० ऐवजी २५,००० वॉट लावावे लागतील. आपल्याकडे सर्वसाधारण श्रेणीच्या परवान्याची मर्यादा ४०० वॉट आहे. म्हणून माझे ठाम मत आहे, की नवा महागडा सेट घेण्याआधी घर शांत करावे. खरखर एक ‘एस’ने उतरवली, की समोरच्याने शक्ती चौपट केल्याइतका फायदा होतो.

सुरुवात फुकटात होते. रिसीव्हर बॅटरीवर घ्या आणि घरचा मुख्य एमसीबी पाडा. काटा खाली आला, तर चोर घरातच आहे. एकेक सर्किट चालू करत त्याला गाठा. काटा हलला नाही, तर मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यात, गच्चीवर फिरा. तो स्टेशन नसलेल्या जागी लावून फिरवला, की खरखर कोणत्या बाजूने येते ते बऱ्याचदा कळते. मग अँटेनाची केबल फेराइटच्या कड्यातून दहा-बारा वेढे घालून न्या, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगावरून येणारी खरखर अडते. वीस मीटरचा डायपोल बांधायला जागा नसेल, तर छोटी लूप अँटेना घ्या. ती फिरवून तिची बहिरी बाजू गोंगाटाकडे करता येते.

हीच झुंज पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला अवाढव्य प्रमाणात चालते. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. शहरांचा गोंगाट अडवायला भोवतीचे डोंगर कामी येतात. ८.८ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल इथेच टिपला गेला, तोही मधल्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाने सुमारे ३० पट वाढवून दिला म्हणून. जानेवारी २०२३मध्ये ते जाहीर झाले.

असा सिग्नल ऐकू पाहणाऱ्या दुर्बिणीला विजेच्या तारेवरची ठिणगीही भारी पडते. ५० हर्ट्झच्या विजेत ती सेकंदाला शंभरदा उडू शकते. ४०० मेगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा ऐकायचा, तर प्रत्येक तबकडीतून येणाऱ्या दोन सिग्नलांचे सेकंदाला ८०-८० कोटी नमुने घ्यावे लागतात. तीस तबकड्यांचे मिळून ४,८०० कोटी, दर सेकंदाला! ठिणगीने बिघडलेले नमुने यंत्रणा त्याच क्षणी ओळखून बाजूला काढते.

घराजवळच्या खांबावर इन्सुलेटरपाशी चरचर ऐकू येत असेल किंवा रात्री ठिणगी दिसत असेल, तर खांबाची जागा नोंदवून महावितरणला जरूर कळवा.